काढणे

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. दिवाळी आठवड्यावर आलेली. शिरवळच्या सर्व्हिस रोडला आमचा नेहमीचा चहाचा गाडा आहे. त्याच्यामागे पाण्याच्या जारला टेकवून एक मोबाइल उभा केलेला आणि त्याच्यासमोर आम्ही सातआठ जण दाटीवाटीने बसलेलो. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारत विरुद्ध सिंगापूर. चौदाव्या मिनिटाला छांगटेने गोल केला तेव्हा असा गलका झाला, की महामार्गावरच्या ट्रकांचे हॉर्नसुद्धा ऐकू येईनात. मध्यंतराला मिनिटभर उरलेलं असताना सिंगापूरच्या साँग उई-यंगने बरोबरी साधली आणि मध्यंतरानंतर दुसरा गोलही त्यानेच मारला. एक-दोन. २०२७च्या आशियाई चषकाचा आपला रस्ता त्या रात्री बंद झाला.

शेवटची शिटी वाजल्यावर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग मालद्याहून आलेला वेल्डर, सहा वर्षं इथे राहून मराठी शिकलेला, ग्लास खाली ठेवत म्हणाला, “दादा, याला काढला पाहिजे.”

“याला” म्हणजे खालिद जमीलला. भारताचा मुख्य प्रशिक्षक होऊन त्याला अडीच महिने झाले होते.

वेल्डरचं वाक्य संपायच्या आत चौघांनी त्याला दुजोरा दिला. दोघांनी विरोध केला. बघता बघता आवाज चढले. एकटा गप्प होता तो कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला पोरगा. आमच्याकडे एका कारखान्यात मशीन ऑपरेटर आहे आणि रविवारी आमच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. पाटाकडील तालमीचा कट्टर समर्थक. एरवी फुटबॉलचं नाव निघालं की त्याला आवरावं लागतं. त्या रात्री मात्र तो एवढंच म्हणाला, “काका, त्यो रेषेच्या भायेर हुबा असतोय. आत पाय टाकता येत न्हाई. आन् आतलं समदं त्याच्या नावावर.”

घरी आलो तरी वेल्डरचा शब्द डोक्यातून जाईना. ‘काढणे.’ आपल्या भाषेत हे क्रियापद किती ठिकाणी राबतं! आपण विहिरीतून पाणी काढतो, पायातला काटा काढतो, कर्ज काढतो, पेरलेलं पिकलं की पीक काढतो. वाईट काळ आला की दिवस काढतो. मनात साठलं की राग काढतो, आणि अडलो की वाट काढतो. माणसालाही आपण काढतो. नोकरीवरून, पदावरून, संघातून. त्या रात्री मला वाटलं, की या सगळ्या काढण्यांत आपण एक गल्लत फार सहज करतो. माणूस काढला की राग निघतो. तो निघाला की मोकळं वाटतं आणि त्या मोकळेपणालाच आपण वाट निघाली असं समजतो.

शिरवळात फुटबॉल कुठून आला, असं पाहुणे विचारतात. नीरेचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो, सातारा सुरू होतो आणि पहिलं मोठं गाव आमचं. पूर्वी इथे माणूस थांबायचा तो चहापाण्याला. औद्योगिक वसाहत वाढली तशी माणसं राहायला आली. कोल्हापूर-सांगलीची, केरळची, बंगालची, झारखंडची. फुटबॉल त्यांच्या पिशव्यांतून आला. आम्ही आधीपासून दोन टोकांच्या मध्ये होतोच. वर पन्नासेक किलोमीटरवर पुणे, तिथलं बालेवाडी. खाली खंबाटकी घाट ओलांडून तीन-साडेतीन तासांवर कोल्हापूर, तिथलं शाहू स्टेडियम. मी दोन्हीकडे गेलो आहे. दोन्हीकडे ओरडलोही आहे.

खालिदची गोष्ट मला आधीपासून माहीत होती, म्हणून वेल्डरच्या वाक्याने मी जास्त अस्वस्थ झालो. त्याचा जन्म कुवेतचा, पण त्याचा फुटबॉल मुंबईचा. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी. खेळाडू म्हणून दुखापतींनी त्याची वर्षं खाल्ली. २००९ मध्ये मुंबई एफसीने त्याला प्रशिक्षक केलं आणि पुढची सात वर्षं तो कूपरेजच्या त्या संघाला आय-लीगमध्ये टिकवून होता. टिकवून, एवढंच. हातात पैसा कमी, नावाजलेले खेळाडू कमी. दरवर्षी संघ खालच्या श्रेणीत जाणार असं वाटायचं, आणि दरवर्षी तो वाचायचा. वाचण्याचा कंटाळा यायला वेळ लागत नाही. ‘याच्या हाताखाली आपण पुढे जात नाही’ ही कुरकुर सुरू होते. २०१६ मध्ये क्लबाच्या आणि त्याच्या वाटा वेगळ्या झाल्या.

पुढच्या हंगामात जे घडलं ते भारतीय फुटबॉलमध्ये पुन्हा घडेल असं वाटत नाही. खालिद मिझोरमला आयझॉल एफसीकडे गेला. तो संघ आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली होती. मुंबई एफसीत खालिदच्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही तिकडे गेले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये एक-एक अशी बरोबरी साधून आयझॉल भारताचा विजेता ठरला. ईशान्येकडचा पहिला. आणि त्याच हंगामात मुंबई एफसीने मध्येच संतोष कश्यपना हटवलं, स्पेनच्या ऑस्कर ब्रुझोनना आणलं, तरीही तळाला राहून संघ खालच्या श्रेणीत गेला. पुढे तो क्लबच उरला नाही.

ही गोष्ट मी गाड्यावर सांगितली तेव्हा वेल्डरने मला अडवलं, आणि बरोबर अडवलं. तो ईस्ट बंगाल क्लबाचा चाहता. म्हणाला, “दादा, खालिदला नॉर्थईस्ट युनायटेड कशी मिळाली ते पण सांगा ना.” तेही खरं आहे. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्टने जेरार्ड नूस या आपल्या प्रशिक्षकाला काढलं आणि त्याच्या जागी सहायक असलेल्या खालिदला हंगामी म्हणून बसवलं. साखळीतला एकही सामना न हरता त्याने संघ उपांत्य फेरीत नेला. आयएसएलमध्ये एवढी मजल मारणारा तो पहिला भारतीय प्रशिक्षक. तिथे कुणाला तरी काढलं म्हणून हा उभा राहिला. म्हणजे कधीच काढू नये, असं म्हणायला मी बसलेलो नाही. एकाच माणसाच्या आयुष्यात काढण्याच्या दोन्ही बाजू दिसतात: एकीकडे त्याला जाऊ दिलं आणि घर बसलं, दुसरीकडे दुसऱ्याला काढून याला आणलं आणि घर सावरलं. मग कुठल्या वेळी काय खरं, हे ओळखायचं कसं?

मला हे पहिल्यांदा जाणवलं ते बालेवाडीला. २२ ऑक्टोबर २०१८, सोमवार. एफसी पुणे सिटी विरुद्ध बेंगळूरु. पहिली पाळी करून भाच्याला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि कात्रजच्या बोगद्यातून संध्याकाळच्या गर्दीत वाट काढत पोचलो. हंगामातला तिसराच सामना. आधीच्या दोनांत एक बरोबरी आणि एक पराभव, तोही मुंबईकडून. मध्यंतराच्या आधी बेंगळूरुच्या सुनील छेत्रीने दोन मिनिटांत दोन गोल केले. उत्तरार्धात मिकूने तिसरा. माझ्या आजूबाजूला नारिंगी जर्सी घातलेली पोरं उभी राहून ओरडत होती. मीही ओरडत होतो. खाली रेषेपलीकडे मिगेल आन्हेल पोर्तुगाल हा स्पेनचा वयस्क माणूस उभा होता. एकदा त्याने मागे वळून स्टँडकडे पाहिलं. त्याला मराठी कळत नव्हतं, पण काय चाललंय ते कळलं असावं. परत तोंड मैदानाकडे केलं आणि हात मागे बांधले. एवढंच मला आठवतं: पाठीवर एकात एक गुंतवलेली बोटं, आणि ती सारखी उलगडत, पुन्हा गुंतत होती.

येताना खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर भाच्याने विचारलं, “मामा, काढतील का त्याला?” मी म्हणालो, “काढायलाच पाहिजे.” काही दिवसांत तो गेलाच. तीन सामन्यांत. मग प्रद्युम्न रेड्डी आले, मग इंग्लंडचे फिल ब्राउन आले. ब्राउन आल्यावर संघ थोडा सावरला आणि हंगामाच्या शेवटी सातवा आला. आमचा राग निघाला होता. २०१९ मध्ये क्लबच बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. पुण्याने त्या दशकात पुणे एफसी पाहिला, भारत एफसी पाहिला, डीएसके शिवाजियन्स पाहिला, एफसी पुणे सिटी पाहिला; एकही उरला नाही. प्रशिक्षकाला काढा म्हणून आम्ही घसा फोडला. क्लब बुडत होता तेव्हा ओरडायला त्या स्टँडमध्ये कुणी नव्हतं. मीही नव्हतो. कारण क्लब बुडतो तो कागदावर, बंद खोलीत. तिथे रेषेजवळ कुणी उभा नसतो, ज्याच्या पाठीकडे बघून ओरडावं.

या बाबतीत अभ्यासही झाला आहे. बास तेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या वरच्या लीगमधले १९८६ ते २००४ पर्यंतचे हंगाम तपासले. प्रशिक्षक काढण्याआधी संघ घसरतो आणि काढल्यावर सावरतो, हे तर दिसलंच. पण त्याने पुढे जाऊन तेवढेच घसरलेले, तरीही प्रशिक्षक न बदललेले संघ शोधले. तेही तसेच सावरले होते. आम्हा नीराकाठच्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये. पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सोडलं की नदी चढते, आणि काही दिवसांनी उतरते. उतरताना जो काठावर उभा असेल त्याला वाटतं, आपण आलो आणि पाणी हटलं.

उलट बाजूचं उदाहरण म्हणून सगळे मँचेस्टर युनायटेडच्या अ‍ॅलेक्स फर्ग्युसनचं नाव घेतात. डिसेंबर १९८९ मध्ये त्याला जायला सांगणारा फलक प्रेक्षकांनी झळकावला होता. क्लबाने त्याला ठेवलं. १९९० मध्ये एफए कप आला आणि त्यानंतर २०१३ पर्यंत तेरा लीग विजेतेपदं. उदाहरण खरं आहे, पण मी ते फार वापरत नाही. धीर धरून ज्यांना ठेवलं आणि ज्यांच्याकडून काहीच झालं नाही, त्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत. नुसता धीर धरणं हासुद्धा विचार न करण्याचाच एक प्रकार होऊ शकतो.

फुटबॉलच्या बाहेरची एक गोष्ट आता सांगायला हवी. या विषयावर मी आतून बोलतो त्याचं कारण ती आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी मी एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर होतो. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग आम्ही काढायचो. एका पावसाळ्यात रिजेक्शन वाढायला लागलं. कडेला बर यायची, कुठे बेंडवर चीर जायची. एक महिना, दोन महिने, तीन महिने. टार्गेट चुकत होतं, आमचा इन्सेंटिव्ह बुडत होता. प्रॉडक्शन मॅनेजर साहेब नवीन होते, मितभाषी होते, शॉपवर येऊन डायपाशी तासन्‌तास उभे राहायचे. “यांना काही समजत नाही,” हे कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं आणि आठवड्यात ते सगळ्यांचं मत झालं. वरच्या साहेबांना द्यायचं एक निवेदन तयार झालं. त्यावर सतरा सह्या होत्या. पाचवी माझी.

दसऱ्याच्या आत ते गेले. नवे साहेब आले. चांगल्या आवाजाचे, खांद्यावर हात ठेवणारे. पहिल्या महिन्यात रिजेक्शन थोडं उतरलं, पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. दुसऱ्या महिन्यात परत तिथेच. शेवटी डाय मेंटेनन्सच्या एका पोराने कॉइलचा पत्रा मायक्रोमीटरने पाच ठिकाणी मोजला. जाडी पाचही ठिकाणी वेगळी. खरेदी विभागाने पावसाळ्यापूर्वी स्वस्त पडतो म्हणून पुरवठादार बदलला होता. फाइल उघडली तेव्हा जुन्या साहेबांची तीन पत्रं सापडली, तिन्ही पत्र्याच्या जाडीबद्दलची. ते डायपाशी उभे राहायचे ते हे शोधण्यासाठी. वर कळवलंही होतं. फक्त आम्हाला सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं.

तीनचार वर्षांनी लोणंदला एका लग्नात ते भेटले. मी चुकवायच्या बेतात होतो, पण त्यांनीच हाक मारली. जेवणाची ताटं हातात घेऊन आम्ही मंडपाच्या कडेला उभे राहिलो. ते सहीबद्दल काही बोलले नाहीत. विचारलं एवढंच, “त्या ब्रॅकेटचं रिजेक्शन कितीवर आलं मग?” मी आकडा सांगितला. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, “मग झालं काम.” त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आपण ज्याला काढलं त्याच्या मनात अजून काम होतं, आणि आमच्या मनात त्या वेळी फक्त राग होता.

गाव आमचं जुनं आहे. नीरेकाठी सुभानमंगळ या भुईकोटाच्या खुणा आहेत. स्वराज्याच्या अगदी सुरुवातीच्या लढायांतली एक, १६४८ सालची, तिथे झाली. त्यामुळे पदावरून काढण्याचा विचार मनात आला की मला नेताजी पालकर आठवतात. जानेवारी १६६६ मध्ये महाराजांनी पन्हाळ्यावर हल्ला केला. नेताजी वेळेवर पोचले नाहीत, हल्ला फसला, माणसं पडली. महाराजांनी त्यांची सरनौबती काढली आणि कडतोजी गुजरांना दिली; तेच पुढे प्रतापराव झाले. वेळेवर न पोचणं हा सेनापतीचा स्वतःचा दोष होता. त्याची जबाबदारी दुसऱ्यावर टाकता येत नव्हती. तिथे काढणं न्यायाचं होतं. पण त्याची किंमतही स्वराज्याने मोजली. नेताजी विजापूरकरांकडे आणि मग मोगलांकडे गेले. परत आले ते दहा वर्षांनी, १६७६ मध्ये, आणि महाराजांनी त्यांना पुन्हा आपल्यात घेतलं.

मला यातल्या आणखी एका गोष्टीचं मोल वाटतं. सरनौबत बदलला म्हणून पन्हाळा आला नाही. पन्हाळा आला तो १६७३ मध्ये, कोंडाजी फर्जंद साठ मावळे घेऊन रात्री कडा चढले तेव्हा. म्हणजे माणूस बदलल्यावरही वाट वेगळी शोधावी लागलीच. आणि प्रतापरावांचं काय झालं ते प्रत्येक मराठी मुलाला माहीत आहे. बहलोलखानाला सोडल्याबद्दलची महाराजांची नाराजी त्यांनी इतकी मनाला लावून घेतली, की २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत ते सहा स्वारांनिशी अख्ख्या फौजेवर चालून गेले. आपण त्या सात वीरांना वंदन करतो, ते योग्यच. पण रेषेजवळ उभ्या असलेल्या माणसाला बोल किती खोल लागतो, हेही त्या खिंडीत दिसतं.

आता परत खालिदकडे. १७ जून २०२४ रोजी फुटबॉल महासंघाने भारताच्या तेव्हाच्या प्रशिक्षकाला, इगोर श्टिमाचला, काढलं. पाच वर्षं ठेवला होता. आशियाई चषकात तीनही सामने हरला, त्यात एकही गोल नाही. गुवाहाटीत अफगाणिस्तानकडूनही हरला. त्याला काढल्याचा आनंद मलाही झाला होता. मग मानोलो मार्केझ आले, एफसी गोवा सांभाळत. आठ सामन्यांत एक विजय. जुलै २०२५ मध्ये तेही गेले. १ ऑगस्टला खालिद. चौदा महिन्यांत तीन प्रशिक्षक. तेरा वर्षांनी भारतीय माणूस त्या खुर्चीत बसला म्हणून आम्ही गाड्यावर जिलबी वाटली होती. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ताजिकिस्तानातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून संघ तिसरा आला, तेव्हा वेल्डर म्हणाला होता, “बघा, आपला माणूस.” मडगाव झालं आणि ‘आपला माणूस’ ‘याला’ झाला. महिन्याभराने, १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशनेही एक-शून्य असं हरवलं, तेव्हा गाड्यावर त्याच्या बाजूने बोलायला कुणी उरलं नाही.

त्याच्या हातात काय होतं ते मोजू या. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा हंगाम थांबवला गेला. करार कुणाशी, किती वर्षांचा, याचा घोळ मिटत नव्हता. ज्या महिन्यांत खेळाडू लीगमध्ये खेळून तापलेले असतात, त्या महिन्यांत ते रिकामे होते. पहिल्या स्पर्धेसाठी मोहन बागानने आपले खेळाडू सोडलेच नाहीत. गोल करणारा कुणी नाही म्हणून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिशीत परत बोलवावं लागलं होतं. तेही खालिद येण्याच्या आधी. हा पत्रा खालिदने आणलेला नाही. त्याची जाडी पाच ठिकाणी पाच आहे, आणि आपण प्रेसवरच्या माणसाकडे बोट दाखवतो आहोत.

याचा अर्थ त्याच्या चुका नाहीत असा नाही. मडगावात आघाडी घेतल्यावर संघ मागे मागे सरकत गेला, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्याबद्दल त्याला विचारलंच पाहिजे. चाहत्याचा तो हक्क आहे. जो पदरचे पैसे खर्चून, पाळी बदलून, रात्र जागून सामना बघतो, त्याला ‘तू गप्प बस’ म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. ‘काढा’ ही आरोळी बहुतेक वेळा दुखावलेल्या प्रेमातूनच येते. माझं मागणं एवढंच आहे, की ओरडण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. हातात होतं त्याचा त्याने नीट उपयोग केला का? संघाचा त्याच्यावर अजून विश्वास आहे का? आणि तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेशिवाय आणखी काय बदलणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असेल तर खुशाल काढा, वेळेत काढा आणि मानाने काढा. पण तिसऱ्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर आपण फक्त राग काढतो आहोत, हे मनाशी कबूल तरी करावं.

हे सगळं मी मोठ्या संघाबद्दल म्हणत होतो आणि डिसेंबरात प्रश्न माझ्याच दारात आला. आमच्या रविवारच्या पोरांचा संघ सलग पाच सामने हरला. बॉल, हवा भरायचा पंप, जर्सीचे पैसे या सगळ्याचं मी बघतो, म्हणून चारपाच जण घरी आले. चपला दारात काढून आत बसले, चहा झाला, आणि मग एकाने विषय काढला. “काका, कोच बदलायचं म्हणतोय आम्ही.” तो म्हणजे मंगळवार पेठेतला पोरगा.

मला लोणंदचा मंडप आठवला. मी त्यांना म्हणालो, “बदलू. पण आधी त्याला बोलवा, समोर बोलू.” तो आला. सगळ्यांच्या तोंडाकडे बघून काय ते ओळखलं. कोल्हापुरात संघ तालमीचे असतात, आणि तालमीत वाढलेल्या पोराला वस्तादाच्या जागेचा मान माहीत असतो. तो हुज्जत घालायला बसला नाही. खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. पाच सामन्यांच्या तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे त्या आठवड्यात सरावाला कोण कोण आलं. पाच आठवड्यांत एकदाही अकरा पोरं एका वेळी मैदानावर नव्हती. पाळ्या फिरत्या, एकाची पहिली, दुसऱ्याची तिसरी. तो म्हणाला, “मला काढा की. माझं कायबी न्हाई. पन पाळ्यांचं बघा, न्हायतर नवा आला तरी अकरा कुठनं आननार?”

कागद हातोहात फिरला. ज्याने विषय काढला होता त्याच्या नावापुढे पाचपैकी चार फुल्या होत्या. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “माझी पाळी मी बदलून घेतो.” दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघे-चौघे ओळखीच्या शिफ्ट इन्चार्जना भेटलो. सगळ्यांनी ऐकलं नाही, दोघांनी ऐकलं. कोचला होळीपर्यंत ठेवायचं ठरलं, आणि होळीला पुन्हा बसायचं, हेही ठरलं. त्याला तोंडावर सांगून.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मैदानावर गेलो तेव्हा तेरा पोरं होती. वेल्डर वाकून फक्की ओढत होता. सामना हरलो. एक-शून्य. पण शेवटची वीस मिनिटं चेंडू त्यांच्या अर्ध्यात होता आणि दोनदा तो बारला लागून आला. पूर्ण वेळ तो पोरगा रेषेबाहेर उभा. शिटी वाजल्यावर माझ्याकडे आला, पाणी मागितलं आणि बाकड्यावर बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागला. त्याच्या काळ्या बुटांची टोकं फक्कीने पांढरी झाली होती. जितकं पुढे जाता येतं तितका तो पुढे गेला होता.